समोरासमोरचे पोपट

"माझ्या परसात बाई मरून पडलीय. लवकर या," एवढंच बोलून वैमानिकबाईंनी फोन ठेवला.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते. सोबत हवालदार. वैमानिकबाई अजून गणवेशातच होत्या. विमान उतरवून थेट घरी आल्या होत्या, चाकांची बॅग दारातच आडवी पडली होती.

"हात लावला का कशाला?"

"मान चाचपून पाहिली. थंडगार होती."

परसात दगडी फरशी होती. तिच्यावर एक बाई पालथी पडली होती. पायांवर लाकडी नक्षीचा एक मोठा झरोका कोसळलेला. वर, पहिल्या मजल्यावरच्या सज्जाला तेवढीच मोकळी जागा दिसत होती. झरोका तिथं बसवायचा होता, दोन बोल्ट नुसतेच लोंबत होते.

"कोण या?"

"ताई. सगळे ताईच म्हणतात. माझं घर सजवत होत्या." वैमानिकबाई म्हणाल्या. "महिन्यातले वीस दिवस मी हॉटेलात असते. कुठल्याही देशात जा, खोली तीच. निदान माझं घर तरी माणसाच्या हातानं केलेलं असावं, असं वाटलं. ताई म्हणाल्या, भारतीय कारागिरीचं करू. लाकूड, पितळ, माती, ठशांचे पडदे. तीन महिने राबत होत्या हो."

"झरोका बघायला टेकल्या असतील," हवालदार म्हणाला. "कच्चा होता, सुटला. त्यांच्यासकट खाली."

फौजदारबाई उकिडव्या बसल्या. चेहरा फरशीवर आपटून नाक चेपलं होतं. पण खरी जखम डोक्याच्या मागे होती. कवटी आत गेली होती, एकदा नव्हे, तीनदा तरी. केस रक्तानं चिकटून कडक झाले होते. आणि फरशीवर रक्त होतं ते फक्त तळहाताएवढं.

"हवालदार, बाई पडली तोंडावर. डोकं फुटलं मागे. कसं काय?"

"झरोका बसला असेल डोक्यात."

"झरोका पायांवर आहे." त्यांनी हातमोजा चढवून केसांतून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी टोचलं. मसुराच्या डाळीएवढा आरशाचा तुकडा, आणि त्याला चिकटलेली मातीची ढपली. "आणि परसात आरसा कुठाय?"

वैमानिकबाईंनी आत बोट दाखवलं.

बैठकीची खोली खरंच देखणी होती. ठशांच्या छपाईचे पडदे. वेताचे दिवे. कुंड्यांच्या जागी पितळी हंडे, मुद्दाम न घासलेले. मधोमध एक जुनं कोरीव दार आडवं टाकून त्यावर काच बसवलेली, ते जेवणाचं टेबल. फळीवर ओळीनं जुनी पितळी भांडी, सगळी काळपट. फक्त खलात ठेवलेला बत्ता लखलखत होता.

"हा एकटाच का घासलाय?"

"छे! ताई घासू द्यायच्याच नाहीत. म्हणायच्या, जुन्या पितळेचा काळेपणा घालवायचा नसतो."

"हवालदार, बत्ता पिशवीत घाला."

समोरची अख्खी भिंत मातीच्या उठावदार नक्षीनं भरली होती. बोटाएवढ्या मातीच्या दोऱ्या वळून काढलेल्या वेली, आणि पानापानांत लहान गोल आरसे. मधोमध एक झाड, झाडावर समोरासमोर दोन पोपट.

वैमानिकबाई त्या पोपटांकडे बघतच राहिल्या. "हे काल नव्हतं."

"म्हणजे?"

"मी दुपारी चारला निघाले तेव्हा मधला भाग मोकळा होता. नुसती भिंत. पोपट आज व्हायचे होते."

फौजदारबाई गवंड्याची लेक. लहानपणी बापाच्या हाताखाली गिलावा थापलेला. त्यांनी तळवा आधी कडेच्या वेलीवर टेकवला, मग पोपटावर. वेल कोरडी, ऊबदार. पोपट गार, आतून ओला. आणि ओला असूनही त्याच्या पाठीवर बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. कडेच्या नक्षीला एकही भेग नव्हती.

"भिंत कोण करतं?"

"आरसेवाली मावशी." वैमानिकबाई घुटमळल्या. "काल तिचं आणि ताईंचं कडाक्याचं भांडण झालं. माझ्यामुळेच. कागदावर पोपट समोरासमोर होते. मी म्हटलं, पाठीला पाठ लावून हवेत, मान वळवून एकमेकांना बघणारे. मावशी भडकली. म्हणाली, माझे पोपट कोणाकडे पाठ फिरवत नाहीत. ताईंनी समजावलं, तर मातीचं घमेलं आपटलं आणि म्हणाली, 'पुन्हा माझ्या कामात बोट घातलंस तर बोटं मोडीन तुझी.'"

"हा बदल अजून कोणाला माहीत होता?"

"आम्ही तिघीच होतो."

भिंतीशेजारी मूळ कागद टाचणीनं लावलेला होता. कागदावर पोपट समोरासमोर. भिंतीवरही समोरासमोर.

"झालं की मग!" हवालदार म्हणाला. "ती संध्याकाळी परत आली. आपलंच खरं केलं. ताई आडव्या आल्या, घातला बत्ता."

"अजून काही जागचं हललंय का?" फौजदारबाईंनी विचारलं.

वैमानिकबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "सतरंजी. इथं निळी सतरंजी होती, हातमागाची. जुनी, फार सुंदर."

सतरंजी घरात कुठंच नव्हती.

आरसेवाली पन्नाशीची, काटक, एकटी राहणारी बाई. त्यांना बघून ती दारातूनच म्हणाली, "पोलीस? मी काय कोणाचं घोडं मारलंय?"

"हात दाखवा, मावशी."

दोन्ही हातांवर ताजे काप होते.

"आरसे कापते मी. रोजचंच आहे. झालंय काय?"

"ताई मेल्या. कोणीतरी डोकं ठेचलं."

आरसेवाली उभ्या जागी खाली बसली. "माझी ताई? कोणी? कोणत्या मुडद्यानं?"

"काल तुम्ही बोटं मोडायची धमकी दिली होती."

"तोंडाची फटकळ आहे मी. अहो, दहा वर्षं तिच्यासोबत काम केलं. रोज भांडलो, रोज एका कपातला चहा दोघींनी वाटून घेतला. कालही मी निघताना तिनं चहा पाजला आणि म्हणाली, मावशे, माझ्यासाठी पाठमोरे कर. मी हो म्हटलं."

"हे ऐकायला कोण होतं?"

"कोणी नाही."

"किती वाजता घरी आलात?"

"पाचला निघाले, साडेपाचला घरी. साक्षीदार म्हणाल तर ही चार भांडी."

फौजदारबाईंची नजर जमिनीवर गेली. फरशीवर खडूनं काढलेले पोपट होते, पुसून पुन्हा काढलेले, चार-पाच जोड्या. सगळे पाठीला पाठ लावलेले. एका जोडीच्या माना जमल्या होत्या.

"चला मावशी, चौकीवर बसावं लागेल थोडं."

"बेड्या घालू?" हवालदारानं विचारलं.

"नको. पाणी द्या त्यांना."

ताईंच्या फोनमधला शेवटचा फोन संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी केलेला होता. जुनेवाले काकांना. जुन्या घरांची दारं, खांब, पितळ विकत घ्यायचं, दुरुस्त करून सजावटवाल्यांना द्यायचं, हा काकांचा धंदा.

काकांचं गोदाम म्हणजे दारांचं जंगल होतं. भिंतींना टेकवलेली कोरीव दारं, चौकटी, तुळया. कोपऱ्यात एका खांबाला निळं काहीतरी गुंडाळून वर गोणपाट बांधलेलं. शेगडीवर भांड्यात सरस रटरटत होता. लाकूड चिकटवायचा तो जनावराच्या कातड्याचा डिंक, त्याचा उग्र वास नाकात बसत होता.

साठीचे काका काठी टेकत पुढे आले. बातमी ऐकून त्यांचे डोळे भरले.

"पोरीसारखी होती हो मला."

"काल तिचा फोन आला होता?"

"आला होता. अजून दोन हंडे हवे होते तिला."

"घेऊन गेलात?"

"कुठलं! हे गुडघे बघा. दार पोचवायला गेलो तेवढाच. त्याला झाले पंधरा दिवस. त्यानंतर त्या घरात पाऊल ठेवलेलं नाही."

"दार म्हणजे त्या टेबलाचं? कुठून आणलंत?"

"लांबच्या एका गावात घर पाडत होते. तिथून उचललं."

"ताईंचं कोणाशी वाकडं?"

काकांनी उसासा टाकला. "आरसेवालीचं डोकं जरा गरम असतं. पण कोणाबद्दल वाईट कशाला बोला? असो. भिंत तरी पुरी झाली, एवढंच समाधान. नाहीतर जीव अडकला असता बिचारीचा."

फौजदारबाईंनी मान हलवली, आभार मानले आणि बाहेर पडल्या.

दुपारभर त्यांनी ताईंच्या फोनमधले फोटो चाळले. शेकडो दारं, खिडक्या, हंडे. एका फोटोशी त्या थांबल्या. दोन वर्षांपूर्वीचा. एक म्हातारी दारात उभी होती, तळवा दारावर टेकवलेला. खाली ताईंनी लिहून ठेवलं होतं: "आजी दार देत नाहीत. म्हणतात, मालकांनी कोरलंय, मी मेल्यावर न्या."

दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक हत्ती होता, एका दाताचा. दुसरा दात कोरताना तुटला असावा.

वैमानिकबाईंच्या टेबलाच्या काचेखाली, खालच्या कोपऱ्यात, तोच एका दाताचा हत्ती त्यांनी सकाळी पाहिला होता.

म्हातारीच्या गावच्या ठाण्यात त्यांनी फोन लावला. उत्तर आलं, "ते घर चार महिन्यांपूर्वी जळालं, मॅडम. म्हातारी आतच जळाली. अपघात."

"पुढचं दार?"

"खाक झालं."

"लाकूड खाक होतं. लोखंड नाही. दाराच्या बिजागऱ्या, कडीकोयंडा राखेत सापडला?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "खिडक्यांच्या बिजागऱ्यांची नोंद आहे. दाराच्या... नाही, मॅडम."

फौजदारबाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी हवालदाराला दोन शिपाई देऊन काकांच्या गोदामात पाठवलं, काकांना घेऊन यायला. आणि हळूच बजावलं, "काका गाडीत बसले की त्या कोपऱ्यातल्या खांबाचं गोणपाट सोडा."

चार वाजता बैठकीच्या खोलीत सगळे जमले. वैमानिकबाई, आरसेवाली, काठीवर हनुवटी टेकून काका. दाराशी हवालदार.

"मावशी, भिंत बघा," फौजदारबाई म्हणाल्या.

आरसेवाली पुढे झाली. आधी तिनं नाक उडवलं. मग तिचा चेहरा बदलला. "ही कोणाची थेरं? हे माझं काम नव्हे."

"कशावरून? पोपट तर तुम्हाला हवे तसेच आहेत, समोरासमोर."

"पोपट गेले खड्ड्यात! माती बघा. मी मातीत कागदाचा लगदा मळते, म्हणून ती तडकत नाही. त्या घमेल्यात नुसती कोरडी माती होती, लगदा मी सकाळी घालणार होते. ह्यानं पाणी ओतलं आणि थापली. म्हणून तडे गेले." तिनं एका आरशाखाली नख घातलं. "आणि आम्ही आरसा ओल्या मातीत दाबतो, कडेनं माती चढवतो. माती धरून ठेवते त्याला. हा तर..." आरसा टचकन सुटून आला. मागे पिवळट, चिकट थर होता. तिनं हुंगलं. "शी! सरसानं चिकटवलाय."

फौजदारबाईंनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि किल्लीनं पोपटाचं पोट खरवडलं. ओली माती ढपलीनं गळून पडली. आत मातीनं लिंपलेल्या मूळ भिंतीवर तांबूस-तपकिरी शिंतोडे होते. वैमानिकबाईंनी तोंडावर हात दाबला.

"ताईंना इथं मारलं," फौजदारबाई म्हणाल्या. "ह्याच भिंतीसमोर, मागून, त्या बत्त्यानं. एक घाव बसल्यावर त्या भिंतीवर आदळल्या, मोकळ्या जागेच्या काठावरचा, आता पोपटाखाली गेलेला एक आरसा फुटून केसांत रुतला. मग आणखी दोन घाव. फरशी धुता आली. बत्ता धुता आला, तोही नको इतका. पण मातीची भिंत कशी धुणार? ती रक्त पिऊन बसते. ती झाकायचीच. शेजारी कागद होता, घमेल्यात माती होती, डब्यात आरसे होते. शिवाय भिंत पुरी झालेली दिसली की संशय आपोआप मावशींवर. मारणाऱ्यानं कागद बघून पोपट काढले. फक्त त्याला एक ठाऊक नव्हतं. पोपट फिरले होते."

"पण मावशीला समोरासमोरचेच हवे होते ना?" वैमानिकबाईंनी विचारलं.

"काल दुपारी हवे होते. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी फरशीवर पाठमोऱ्या पोपटांचा सराव केला. ज्या बाईला ठेचून आलो, तिच्या हट्टासाठी कोणी खडू झिजवत बसत नाही. म्हणजे उरला असा माणूस, ज्याला कागद वाचता येतो, हातात थोडी कारागिरी आहे, आणि आरसा चिकटवायचा म्हटलं की ज्याला पहिला सरसच आठवतो. ज्याच्या दुरुस्तीच्या पिशवीत सरस असतोच."

काका हसले. "सरस बाजारात कोणालाही मिळतो, फौजदारबाई."

"मिळतो. पण भिंत पुरी झाली ही बातमी बाजारात मिळत नव्हती, काका. काल दुपारपर्यंत ती अर्धी होती. पुरी झालेली पाहिली ती मी, हवालदारानं आणि ह्या बाईंनी, आज सकाळी. पंधरा दिवसांत तुम्ही ह्या घरात पाऊल ठेवलं नाहीत. मग 'भिंत तरी पुरी झाली', हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

काकांनी काठी हनुवटीखालून काढली.

"हवालदार, खांबावर काय निघालं?"

"निळी सतरंजी, बाई. आतल्या बाजूला रक्त."

"तिच्यात गुंडाळून ताईंना जिना चढवलंत. सज्जातून फेकलंत. मागून झरोका ढकललात. सतरंजी जाळायची होती, पण जुनी, चांगली वस्तू तुमच्याच्यानं टाकवत नाही. तोच तुमचा रोग. त्याच रोगापायी त्या म्हातारीला मारलंत." फौजदारबाईंनी टेबलावर फोटो ठेवला. "शेकडो दारं पाहिलेल्या ताईंना हे दार आधी ओळखू आलं नाही; काल मावशी गेल्यावर काचेखाली हा एका दाताचा हत्ती दिसला. जे दार म्हातारीबरोबर जळालं म्हणून सगळ्यांनी धरलं, ते इथं धडधाकट. आग लागायच्या आधीच ते चौकटीतून निघालं होतं. ताईंनी तुम्हाला फोन केला. हंडे मागायला नव्हे, जाब विचारायला."

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. काकांनी काठी उलटी धरून टेबलावर हाणली. काच खळकन फुटली. गुडघ्यांनी अधू म्हणवणारा माणूस टेबल ओलांडून पलीकडे गेला. आरसेवालीचे केस त्याच्या एका मुठीत होते, दुसऱ्या मुठीत हातभर काच.

"दारातून बाजूला व्हा! नाहीतर हिचा गळा चिरतो!"

त्याच्याच मुठीतून रक्त गळत होतं, त्याला भान नव्हतं. आरसेवालीनं मान झटकली आणि त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. काच हलली. तेवढ्या क्षणात फौजदारबाई घुसल्या. काच त्यांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडत गेली. त्यांनी हात मागे घेतला नाही. गुडघा काकांच्या पोटात घातला, मान धरून तोंड भिंतीवर आदळलं. उरलेला पोपटही खाली आला. हवालदारानं काकांना पालथं पाडून पाठीवर बैठक मारली.

फरशीवर गाल टेकून काका धापा टाकत होते. आता त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता.

"तीनदा गेलो होतो म्हातारीकडे. हात जोडले. शेवटी रात्री गेलो, तर दाराला मिठी मारून बसली. एकेक बोट सोडवावं लागलं. मोडली, पण सोडेना. अशी दारं आता कोण कोरतं? तिच्यामागं वाळवीनंच खाल्लं असतं ना? मी वाचवलं त्याला."

"आणि ताई?"

"तिला म्हटलं, गप्प बस, ह्याहून सुंदर दार देतो. ती पोलिसांना फोन करायला वळली."

फौजदारबाईंच्या हाताला वैमानिकबाई ठशांचा पडदा फाडून बांधत होत्या. वेदनेनं फौजदारबाईंचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. तशाच त्या म्हणाल्या, "एका दारासाठी दोन बायका मारल्यास?"

काकांनी मान उचलून त्यांच्याकडे पाहिलं. "एका?" ते म्हणाले, आणि मग एकदम तोंड मिटून घेतलं.

त्या एका शब्दानंतर त्यांनी पुढं काहीही सांगितलं नाही. चौकीत नाही, कोठडीत नाही.

दवाखान्यात एकोणीस टाके पडले. डॉक्टर म्हणाले, घरी जा, झोपा. फौजदारबाई थेट गोदामात गेल्या. अजून उन्हं होती. हवालदार खडूनं दारांवर आकडे टाकत होता.

"सत्तावीस झाली, बाई. सगळीच काही मारून आणलेली नसतील."

"नसतील. पण कोणती नाहीत, ते प्रत्येक घर शोधल्याशिवाय कसं कळणार?"

त्या एकेका दारापुढून चालत गेल्या. मोर, वेली, घुंगरांच्या माळा, देखणी, निगुतीनं पुसलेली. अकराव्या चौकटीशी त्या थबकल्या. आतल्या बाजूला चाकूनं आडव्या रेघा मारल्या होत्या, एकीवर एक. दोन रांगा होत्या. पोरांची उंची मोजलेली. एक रांग त्यांच्या कमरेशी थांबली होती, दुसरी जेमतेम छातीशी.

हवालदार मागे येऊन उभा राहिला.

"ह्याच्यापासून सुरुवात करा," फौजदारबाई म्हणाल्या. "ही पोरं जिवंत आहेत का, ते आधी शोधा."